अन्नपूर्णेखालचं कार्ड

माझं एटीएम कार्ड आमच्या देव्हाऱ्यात असायचं. हे कुणाला सांगितलं की माणसं आधी हसत, मग गंभीर होऊन म्हणत, "वा, चांगली पद्धत आहे." मला हसण्याचाही राग यायचा आणि कौतुकाचाही.

त्याचं असं झालं. लग्न होऊन मी दिवेआगरला आले तेव्हा मला पंचक्रोशीतल्याच एका हायस्कुलात गणित शिकवायची नोकरी लागली. पहिला पगार झाला तशा सासूबाई म्हणाल्या, "देवापुढे ठेव हो." पहिला पगार देवापुढे ठेवायचा हे माझ्या माहेरी पालीलाही होतं, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. पण पगार बँकेत जमा झालेला, हातात नोटा नाहीत. मग मी कार्डच ठेवलं. माहेरून आणलेली पितळेची अन्नपूर्णा देव्हाऱ्यात होती, तिच्या पायाशी. दुसऱ्या दिवशी पूजेचं पाणी लागू नये म्हणून सासूबाईंनी ते उचलून तिच्या छोट्या पाटाखाली सरकवलं. मी नवी नवरी. म्हटलं, दोन दिवसांनी घेईन. त्या दोन दिवसांत आमचा मुलगा जन्मला, दहावी झाला आणि शिकायला पुण्याला राहायलाही गेला.

मुदत संपून नवं कार्ड आलं की तेही तिथेच जायचं. कार्डाच्या कडा कायम हळदीने पिवळ्या. एकदा त्याच्या चिपवर कुंकू बसलं आणि मशीनने कार्ड परत फेकलं. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ते शर्टाला पुसून पुन्हा घातलं, आणि घरी आल्यावर ती गोष्ट वाडीत उतरलेल्या पाहुण्यांना इतक्या वेळा सांगितली की मला ती आता तोंडपाठ आहे. सासूबाईंना विचारून कार्ड न्यायचे आणि पैसे हेच काढून आणायचे. फोनवरून पैसे द्यायचे तेही यांच्याच फोनवर. खातं उघडताना बँकेत यांचाच नंबर दिला होता, कारण मी वर्गात असले की माझा फोन बंद.

आता कुणाला वाटेल, नवरा हातात पैसे देत नसेल. तसं असतं तर बरं झालं असतं, कडाकडा भांडता तरी आलं असतं. आमच्याकडे नारळ-सुपारीची वाडी आहे, मागे पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या आहेत, आणि माणूस असा की मी शंभर मागितले तर दोनशे काढून देईल. "लागतील तेवढे घे गं," हे यांचं ठरलेलं वाक्य. हिशेब कधी विचारला नाही. मी मात्र विचारायच्या आधीच खोटं सांगायची. साडीची किंमत आमच्या उंबरठ्यावर आपोआप निम्मी होते. शाळेतल्या इतर बायकांना विचारलं तर त्यांच्याही उंबरठ्यांचा तोच गुण. काही वर्षांपूर्वीच्या वादळात वाडी आडवी झाली, सुपारी तर मुळापासून गेली. त्यानंतर बराच काळ घर माझ्या पगारावर चाललं. तेव्हाही मी यांच्याकडेच पैसे मागत होते आणि हे "लागतील तेवढे घे" म्हणत होते. यांच्या बोलण्यात खोट नव्हती, माझ्या मागण्यातही नव्हती, म्हणून तर कुणाला काही दिसलं नाही.

आणि मग ते चार दिवस. आमच्याकडे महिन्याचे चार दिवस अजून पाळतात. शाळेत जायचं, शिकवायचं, पेपर तपासायचे, सगळं चालतं. पण स्वयंपाकघर बंद, देवघर बंद, आणि झोपायला पडवीतल्या खोलीत वेगळी चटई. लोकांना हे ऐकून माझी दया येते. खरं सांगायचं तर स्वयंपाकाला सुट्टी मिळते म्हणून मी या प्रथेविरुद्ध कधी फारसा आवाज केला नाही. पण त्या चार दिवसांत माझा पगार आणि मी यांच्यामध्ये देव उभा असायचा. एकदा शाळेत एका बाईंच्या निरोप समारंभाची वर्गणी द्यायची होती आणि माझी पर्स रिकामी होती. हे माणगावला गेलेले. मी देवघराच्या दारात उभी राहून आतल्या सासूबाईंना म्हणाले, "आई, माझं कार्ड जरा देता का?" त्या म्हणाल्या, "अगो, मी सोवळ्यात आहे. अन् तुला हातात कसं देऊ? काय ते त्याला फोन करून सांग, तो आला की देईल." बरोबरच होतं त्यांचं. मी शाळेत जाऊन सांगितलं, पैसे घरी विसरले. एवढ्या वर्षांची नोकरी झालेली शिक्षिका आणि तोंड कसं झालं असेल बघा.

त्यानंतर कधीतरी माझी छाती आवळायला लागली. नेमकी पगाराच्या सुमारास. हे संध्याकाळी वाडीतून येऊन आनंदाने सांगायचे, "पगार जमा झाला बरं का," आणि मला श्वास पुरेनासा व्हायचा. हृदयाची तपासणी झाली, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, अलिबागला दर शनिवारी एक समुपदेशक येतात, त्यांच्याशी बोला. मला वाटलं, झालं, हात दाखवून अवलक्षण. पण हे लगेच तयार. "जाऊया की. त्यात काय लाजायचं?"

मग आमचे शनिवार सुरू झाले. दिघीला जाऊन गाडीसकट फेरीत चढायचं, खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरायचं, मुरूड, काशीद करत अलिबाग. फेरीचं तिकीट हे काढायचे, पेट्रोल हे भरायचे, आणि मॅडमची फी हे आधीच भरून टाकायचे. मी आत बसून माझं पैशाशी काय बिनसलंय ते सांगायची आणि त्या सांगण्याचे पैसे माझा नवरा बाहेर भरून, गाडीत वडापाव खात बसलेला. पहिल्या दिवशी मला याचं हसू आलं. तिसऱ्या शनिवारी आलं नाही.

मॅडम माझ्याहून तरुण होत्या. फार बोलायच्या नाहीत, त्याचा मला आधी वैताग यायचा. फी घेऊन गप्प बसायचं हे आमच्या धंद्यात चालत नाही. एकदा मी त्यांना निरोप समारंभाची गोष्ट सांगत होते. "मला पैसे लागत होते," मी म्हणाले. त्यांनी थांबवलं.

"तुम्ही दर वेळी 'लागतात' म्हणता. 'हवेत' कधी म्हणता?"

मी म्हणाले, दोन्ही एकच.

"मग म्हणून बघा. मला पैसे हवेत."

काय सांगू, मला म्हणता येईना. गणिताची बाई मी, आख्ख्या वर्गापुढे ओरडून चक्रवाढ व्याज शिकवते, आणि तीन शब्दांना अडले. औषधाला लागतात, मुलाच्या फीला लागतात, पाहुण्यांच्या चादरींना लागतात. लागण्याला कारण असतं. कारण दाखवलं की हात पुढे करता येतो. हवेत म्हणजे नुसतेच हवेत, आणि तसं म्हणणारी बाई मी आमच्या घरात, माहेरी, शेजारी, कुठेच पाहिली नव्हती. मला एकदम रडू आलं, आणि रडता रडता मॅडमचा रागही आला. घरून सुखाने निघालेल्या बाईला हे काय काढून दाखवताय!

निघताना त्या म्हणाल्या, "एकच करा. कुणाला न विचारता ते कार्ड घ्या आणि पुढच्या वेळेपर्यंत पर्समध्ये ठेवा. पैसे काढू नका हवं तर. नुसतं ठेवा."

"काय म्हणाल्या मॅडम?" यांनी गाडीत विचारलं.

"विश्रांती घ्या म्हणाल्या."

"मग घे की. तुला कोण नको म्हणतंय?"

नको कुणीच म्हणत नव्हतं, हीच तर पंचाईत. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दाराला कडी नसलेल्या खोलीत मी बसले होते आणि उठून बाहेर जाता येत नव्हतं. फेरीत बाकीची माणसं समुद्राचे फोटो काढत होती आणि मी गाडीच्या काचा वर करून बसले.

कार्ड घ्यायचं म्हणजे काय, हात पुढे करून पाटाखालून ओढायचं. पण सकाळी सासूबाई पूजेला बसलेल्या, दुपारी मी शाळेत, संध्याकाळी दिवेलागण. एकदा त्या फुलं आणायला वाडीत गेल्या बघून मी आत शिरले, अन्नपूर्णेला हात लावला आणि मागून पावलं वाजली. मी पटकन समईची वात सारखी केली. दिवसाढवळ्या. विझलेल्या समईची. सासूबाई फुलांची परडी घेऊन आत आल्या. मी मागितलं असतं तर त्यांनी लगेच काढून दिलं असतं, पण मग ते पुन्हा मागणं झालं असतं. आपल्याच घरात आपल्याच वस्तूची चोरी करायची, आणि तीही जमू नये, याची मला इतकी चीड आली की त्या दिवशी नववीच्या वर्गाला विनाकारण गृहपाठ दिला. घरी परतताना पुन्हा छाती आवळली. त्यातून मी ठरवलं की उद्या नक्की. आणि तो उद्या उजाडला तशी मला पाळी आली.

पहिला दिवस मी पडवीतल्या चटईवर संतापून काढला. म्हणजे आता चार दिवस नाही, तोवर शनिवार येणार, मॅडम विचारणार, आणि मी वर्गणी विसरलेल्या बाईसारखं तोंड करून बसणार. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई वाडीत पडलेल्या झावळ्या गोळा करायला गेल्या, हे पाहुण्यांना घेऊन किनाऱ्यावर. मी शाळेची साडी नेसून, पर्स खांद्याला लावून निघाले होते. देवघराचं दार उघडं होतं.

मी आत गेले. लिहायला एवढंसं वाक्य आहे. ज्या बाईने लग्नापासून एकदाही हे मोडलं नाही तिलाच कळेल ते केवढं आहे. देवांचा मला धाक वाटला नाही, ते बिचारे झेंडूत बुडालेले. मला त्या स्वच्छ पुसलेल्या फरशीचा धाक वाटला. अन्नपूर्णेला डाव्या हाताने धरलं, उजव्याने कार्ड ओढलं, पर्समध्ये टाकलं आणि चपला हातात घेऊन रस्त्यापर्यंत पळाले.

मॅडमनी नुसतं ठेवायला सांगितलं होतं. पण इतकं करून नुसतं ठेवायचं? शाळा सुटल्यावर मी बोर्लीच्या बाजारात गेले आणि मशीनपुढे उभी राहिले. गुप्त आकडे मला माहीत होते, मुलाच्या जन्मतारखेचे. किती काढायचे ते कळेना. कशासाठी हेच माहीत नव्हतं, त्यामुळे किती हे कसं ठरणार? शेवटी पहिलं दिसलं ते बटण दाबलं. नोटा आल्या. मी त्या मोजल्या नाहीत, तशाच मुठीत धरल्या आणि बाहेर येऊन उसाच्या रसवाल्याच्या बाकावर बसले. मला पैसे हवेत, असं मनात म्हणून बघितलं. म्हणता आलं. इतकं बरं वाटलं की रस न पिताच बसून राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. हे होते.

"अगं, तू पैसे काढलेस का? मला मेसेज आला."

नंबर यांचा होता. हे मला काय माहीत नव्हतं? पण डोक्यात शिरलंच नव्हतं.

"हो," मी म्हणाले.

"लागले होते का काही? सांगायचंस ना, मी आणले असते. उन्हातान्हात कशाला गेलीस?" आवाज नेहमीसारखाच, काळजीचा. मग यांनी विचारलं, "पण तू तर बाहेरची आहेस ना? कार्ड कुणी काढून दिलं?"

बाहेरची, म्हणजे पाळीतली. आमच्याकडे तसंच म्हणतात, वर्षानुवर्षं मीही म्हणत आले. त्या दिवशी बोर्लीच्या बाजारात, मुठीत नोटा धरून, मला तो शब्द पहिल्यांदा नीट ऐकू आला. बँकेच्या एका मेसेजने माझा विटाळ घरी कळवला होता. मी फोन बंद केला.

घरी पोचले तेव्हा मला भांडण हवं होतं. रस्ताभर मी वाक्यं जुळवत आले होते. हे कुठे दिसले नाहीत, बहुधा मुद्दामच खोल्यांकडे गेले होते. सासूबाई पडवीच्या पायरीवर आमसुलं निवडत बसल्या होत्या. देवघरात सगळे देव ताम्हनात काढून ठेवलेले, नुकतेच धुतलेले.

"अन्नपूर्णा तिरकी दिसली," त्या म्हणाल्या. "तेव्हाच कळलं."

"मग बोला काय बोलायचं ते."

"बोलायचं काय? धुतले मी देव. देव काय विरघळतात?" त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "मला सांगितलं असतंस तर काढून दिलं असतं हो."

तिथे माझा बांध फुटला. "सांगायचंच नव्हतं मला! तुम्हाला नाही, यांना नाही, कुणालाच नाही. माझा पगार, माझं कार्ड, आणि मी दर वेळी सांगायचं? तुम्ही नाही म्हणत नाही, कबूल. पण हो म्हणायला तरी तुम्ही कोण?"

इतकं मी त्यांना कधीच बोलले नव्हते. त्या रागावल्या नाहीत. हातातलं आमसूल त्यांनी परत ताटात ठेवलं, आणि मग जे बोलल्या ते मला अपेक्षित नव्हतं.

"ही आमसुलं मी विकायचे, तू यायच्या आधी. पापड, सांडगे पण. पैसे कपाटात ठेवायचे. तुझे सासरे उचलायचे. वाईट नव्हते हो ते. कुणाला मदत म्हणून, कुणाच्या लग्नात म्हणून. मागितलंनी असतं तर एखाद वेळ नाही म्हटलं असतं मी. मागितलंच नाही कधी, तर नाही कुणाला म्हणायचं? मग मी देवाखाली ठेवायला लागले. आंघोळ केल्याशिवाय तिथे हात घालायचे नाहीत, आणि देवापुढचं न विचारता उचलायचे नाहीत. तेवढा एक धाक होता." त्यांनी ताट बाजूला सारलं. "माझी पाळी असली की तेवढे दिवस झोप नाही लागायची. मला आत जाता यायचं नाही, ना. लक्ष कोण ठेवणार?"

मी दोन हात लांब, पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"तू आलीस, नोकरीवाली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, हिचं तरी पहिल्यापासून देवाखाली असू दे. राहील."

इतकी वर्षं मी ज्याला कुलूप समजत होते ती त्यांच्या लेखी माझी तिजोरी होती. आणि त्या तिजोरीतून त्यांचाच मुलगा आंघोळ करून, नमस्कार करून, सगळ्यांदेखत कार्ड नेत होता. त्यात त्यांना काही दिसलं नव्हतं, कारण तो विचारून नेत होता. फक्त मला विचारत नव्हता, त्यांना विचारत होता. मला त्यांचा राग आला, आणि कीवही आली, आणि दोन्ही एकदम आल्यावर काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"आता नाही ठेवणार मी तिथे," मी म्हणाले.

"नको ठेवू. मग कुठे ठेवशील?"

"पर्समध्ये."

"पर्स कुठे असते?"

पर्स खुंटीला असते. यांना सुट्टे पैसे लागले की हे तिथूनच घेतात. मी म्हणाले, कपाटात. कपाट यांचं आणि माझं एकच, चावी वरच लावलेली. स्वयंपाकघरात डबे आहेत, पण कोणत्या डब्यात काय आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत. शाळेत टेबलाला खण आहे, त्याला कुलूप नाही. सासूबाई वाट बघत होत्या. चिडवायला नाही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी मनातल्या मनात सगळं घर फिरून आले. या घराचा केर मी काढते, कोपरान् कोपरा मला ठाऊक आहे, आणि एक कोपरा सांगता येईना जो माझा म्हणून कुणी उघडणार नाही.

हे अंगणात आले. जरा अवघडलेले होते. "कार्ड आण, ठेवतो धुऊन," म्हणाले. मी नाही म्हणाले. लग्न झाल्यापासून पैशाच्या बाबतीत यांना नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. हे पाहुण्यांच्या चहाचं काहीतरी पुटपुटत मागे गेले.

मी उठून पडवीतल्या खोलीत गेले. चटई गुंडाळून ठेवलेली होती, ती पसरली आणि कार्ड नि नोटा उशीखाली ठेवल्या. त्या चटईला कुणी हात लावत नाही. त्या खोलीत कुणी पाऊल टाकत नाही, माझ्या उशीला कुणाचा धक्काही लागू देत नाहीत. लग्नानंतर मला मिळालेली तेवढी एकच जागा होती, आणि ती अजून दोन दिवस माझी होती. मग मी डोक्यावरून पाणी घेणार आणि मला घरात घेणार.